कॉर्नियाची जाडी: वय आणि लिंग लक्षात घेऊन पॅकीमेट्रीचा आकडा कसा वाचायचा

डोळे तपासून आलेल्या माणसाच्या हातात जी चिठ्ठी असते, तिच्यावरचा चष्म्याचा नंबर सगळ्यांना कळतो. डोळ्याचं प्रेशरही बऱ्याच जणांना कळतं. पण त्याखाली 'सीसीटी: उजवा ५१८, डावा ५२१' असं काहीतरी खरडलेलं असतं, तिथे गाडी अडते. मग मोबाइलवर शोधाशोध होते, सरासरी ५३५-५४० दिसते, आपला आकडा वीसनं कमी निघतो आणि झोप उडते.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. कॉर्नियाची जाडी मोजून हे आकडे घेणं माझं रोजचं काम; या मोजणीलाच पॅकीमेट्री म्हणतात. सगळ्यात जास्त वेळा कानावर येतो तो प्रश्न असा: "माझ्या वयाला एवढी जाडी ठीक आहे ना?" बायका त्याला पुस्ती जोडतात, "आणि आम्हा बायकांची कमीच असते ना?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते आधी विचारायचे नाहीत. वयामुळे दहा वर्षांत जाडी जेवढी बदलते, त्याच्या तिप्पट-चौपट ती एका रात्रीच्या झोपेत बदलू शकते. स्त्री-पुरुषांतला सरासरी फरक तर इतका बारीक आहे, की यंत्र बदललं तरी तो झाकला जातो. म्हणून आकडा वाचताना क्रम पाळावा लागतो: आधी मोजणी, मग पाणी, मग माणूस, आणि वय-लिंग त्यानंतर.

हा आकडा कशाचा?

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या अगदी पुढचं पारदर्शक पटल, पुस्तकी मराठीत पारपटल. बोलताना आपण सरसकट 'बुबुळ' म्हणतो, पण काळा-तपकिरी-घारा रंग दिसतो तो तिच्या मागच्या पडद्याचा, म्हणजे आयरिसचा. कॉर्निया त्याच्यापुढे असते, घड्याळाच्या तबकडीवर काच असावी तशी. मधोमध ती अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जाड असते आणि कडेकडे जाताना जाड होत जाते. पांढऱ्या भागाला मिळते तिथे ६५० ते ७०० मायक्रॉन. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. सीसीटी ही फक्त मध्यभागाची जाडी.

तिचे मुख्य भाग तीन धरले तरी आपलं काम भागतं. वर सुमारे ५० मायक्रॉनची त्वचेसारखी सतत नवी होणारी एपिथेलियम. मध्ये स्ट्रोमा, म्हणजे कोलॅजनचे एकावर एक रचलेले दोनशेहून अधिक पातळ पदर. एकूण जाडीचा साधारण नव्वद टक्के हिस्सा यांचाच. आणि सगळ्यात आत एन्डोथेलियम, एकाच पेशीचा थर. हा थर म्हणजे रात्रंदिवस चालणारा पंप आहे. स्ट्रोमाला पाणी शोषायची फार हौस. डोळ्याच्या आतलं पाणी त्यात सतत झिरपतं आणि पंप ते बाहेर काढत राहतो. निरोगी कॉर्नियातही वजनाच्या ७८ टक्के पाणीच असतं.

म्हणजे चिठ्ठीवरच्या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत: पदर आणि पाणी. पदर दशकांच्या हिशेबाने बदलतात, पाणी तासांच्या. पुढे जे काही आहे, ते या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवण्याचंच काम आहे.

पहिली पायरी: कोणत्या यंत्रावर, कसं मोजलं?

सगळ्यात रुळलेली पद्धत अल्ट्रासाउंडची. डोळ्यात भुलीचा थेंब घालतो, समोरच्या ठिपक्याकडे बघायला सांगतो आणि पेनासारखा प्रोब कॉर्नियाच्या मध्यावर हलकेच टेकवतो. बीप वाजला की आकडा येतो. सोपं वाटतं, पण प्रोब काटकोनातच टेकायला हवा. जरा तिरका लागला किंवा मध्यापासून सरकला, की ध्वनीचा मार्ग लांबतो किंवा जाड भाग मोजला जातो, आणि आकडा वाढतो. चूक बहुतेक वेळा वाढीव बाजूलाच होते, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. परवाच्या एका डोळ्याची माझी पाच रीडिंग अशी होती: ५२४, ५२६, ५२५, ५४१, ५२३. यातलं ५४१ कॉर्नियाचं नाही, ते माझ्या हाताचं आहे. ते खोडायचं आणि बाकीच्यांची सरासरी घ्यायची. पाचही धरून सरासरी काढली असती, तर त्या माणसाची कॉर्निया तीन मायक्रॉनने उगाच जाड झाली असती.

स्पर्श न करता मोजणारी यंत्रंही आहेत: शाइम्फ्लुग कॅमेरा, ओसीटी, स्पेक्युलर मायक्रोस्कोप. प्रत्येकाची मोजायची तऱ्हा निराळी, त्यामुळे एकाच डोळ्याचे आकडे दहा-पंधरा मायक्रॉनने सहज मागेपुढे होतात. कोणतंच यंत्र खोटं बोलत नसतं. फक्त एकाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी मांडून 'जाडी घटली' असा निष्कर्ष काढायचा नाही. कॅमेऱ्याच्या रिपोर्टवर तर मध्यबिंदूची जाडी आणि 'सगळ्यात पातळ बिंदू' असे दोन वेगळे आकडे छापलेले असतात. पातळ बिंदू साधारणपणे मध्यापासून किंचित खाली आणि कानाच्या बाजूला असतो. मागच्या रिपोर्टातला मध्यबिंदू आणि या वेळचा पातळ बिंदू यांची तुलना करून घाबरलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

तेव्हा चिठ्ठी हातात पडली की तिथल्या तिथे विचारून घ्या: कोणतं यंत्र, आणि आकडा मध्याचा की पातळ बिंदूचा. दोन शब्द चिठ्ठीवर लिहून मागायला संकोच नको.

दुसरी पायरी: पाणी बाजूला काढा

झोपेत पापण्या मिटलेल्या असतात. हवेतला ऑक्सिजन कॉर्नियाला मिळत नाही, अश्रूंचं बाष्पीभवन थांबतं, आणि सकाळी डोळे उघडतो तेव्हा कॉर्निया तीन-चार टक्क्यांनी फुगलेली असते. ५३० च्या कॉर्नियात हे पंधरा ते वीस मायक्रॉन झाले. उठल्यावर तास-दोन तासांत ती उतरते. म्हणून पॅकीमेट्री उठल्यानंतर निदान दोन-तीन तासांनी करावी, आणि पुढची तपासणी शक्यतो त्याच वेळेला.

इथे माझीच एक चूक सांगते. लॅसिकसाठी, म्हणजे चष्मा घालवण्याच्या लेझर ऑपरेशनसाठी, आलेल्या एका मुलीची जाडी मी सकाळी ५४१ लिहिली. तीन आठवड्यांनी सर्जनकडच्या मोजणीत ती ५२३ निघाली आणि सगळा आराखडा पुन्हा करावा लागला. विचारल्यावर कळलं की माझ्याकडे ती रात्रपाळी संपवून, वाटेत गाडीत तासभर डुलकी काढून आली होती, तीही डोळ्यात लेन्स तशाच ठेवून. लेन्स दारातच काढल्या होत्या, म्हणून मला दिसल्या नाहीत. आणि मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून प्रोब हातात घ्यायच्या आधी माझे प्रश्न ठरलेले आहेत.

कधी उठलात? लेन्स शेवटच्या कधी काढल्या? मऊ लेन्स असतील तर मोजणीआधी एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स असतील तर त्याहून जास्त दिवस बंद ठेवायला सांगतात, कारण लेन्स कॉर्नियाला फुगवतेही आणि तिचा आकारही बदलते. काचबिंदूचे कोणते थेंब चालू आहेत? प्रोस्टाग्लँडिन जातीचे थेंब वर्षानुवर्षं घातले तर कॉर्निया थोडी पातळ होऊ शकते. मधुमेह आहे का? मधुमेहात ती सरासरीपेक्षा किंचित जाड आढळते. डोळे फार कोरडे पडतात का? कोरड्या डोळ्याचं रीडिंग एका जागी थांबत नाही.

बायकांसाठी आणखी दोन प्रश्न असतात, पाळीचा आणि गरोदरपणाचा. ते पुढे.

तिसरी पायरी: तुमची तुलना नेमकी कुणाशी?

डॉटी आणि झमान यांनी २००० साली त्याआधीच्या शेकडो अभ्यासांचे आकडे एकत्र करून निरोगी डोळ्यांची सरासरी ५३४ मायक्रॉन काढली. नेटवर फिरणाऱ्या '५३५-५४०' या आकड्यांच्या मुळाशी हेच आहे. पण ही सरासरी सगळ्या जगाची खिचडी आहे. ग्रामीण मध्य भारतातल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत प्रौढांची सरासरी ५१४ आली. बीजिंगमधल्या पाहणीत ती ५५० च्या वर गेली. अमेरिकेतल्या एका मोठ्या काचबिंदू-अभ्यासात आफ्रिकी वंशाच्या लोकांची कॉर्निया इतरांपेक्षा वीसेक मायक्रॉनने पातळ निघाली. वंशाचा फरक हा असा वयाच्या आणि लिंगाच्या फरकावर मात करतो.

एकाच गावात, एकाच वयाच्या माणसांतही आकडे दूरवर पसरलेले असतात. प्रमाण विचलन साधारण ३० ते ३५ मायक्रॉन. सोप्या भाषेत, सरासरी ५२० असेल तर ४५५ पासून ५८५ पर्यंतची माणसं निरोगीच असू शकतात. आणि तुम्ही या पट्ट्यात कुठे बसता, ते मुख्यतः आई-वडिलांकडून येतं. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलं आहे की डोळ्याच्या मोजता येणाऱ्या गुणांत कॉर्नियाची जाडी सर्वाधिक आनुवंशिक गुणांपैकी एक आहे. जुनी चिठ्ठी नसेल तर भावंडांचा आकडा विचारून बघा. पुष्कळदा तो नेटवरच्या सरासरीपेक्षा जास्त बोलतो.

दोन डोळ्यांतला फरक मात्र इथेच तपासून घ्या. तो सहसा दहा-पंधराच्या आत असतो. एक डोळा ५३० आणि दुसरा ४९०, असं असेल तर वय आणि लिंग तर दोन्ही डोळ्यांना सारखंच आहे. मग कारण दुसरीकडे शोधायचं.

चौथी पायरी: आता वय

लहान मुलाची कॉर्निया तिसऱ्या वर्षाच्या सुमारास प्रौढांच्या जाडीला पोचते. त्यानंतर काय होतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि त्याला कारण आहे. मंगोलियातल्या, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर दहा वर्षांना पुरुषांत ५ आणि स्त्रियांत ६ मायक्रॉनची घट दिसली. मध्य भारतातल्या पाहणीतही जास्त वय आणि पातळ कॉर्निया यांची जोडी दिसली. काही युरोपीय पाहण्यांत मात्र वयाशी संबंधच सापडला नाही.

या बहुतेक पाहण्या एकाच दिवशी वीस वर्षांच्या आणि सत्तर वर्षांच्या माणसांची कॉर्निया मोजतात आणि फरकाला 'वय' म्हणतात. पण आजचा सत्तरीचा माणूस वेगळ्या काळात वाढलेला असतो. त्याचं बालपणीचं पोषण, उंची, डोळ्याची लांबी, सगळंच निराळं. त्यामुळे त्याच माणसांना वर्षानुवर्षं पुन्हा मोजणारे अभ्यास मला अधिक विश्वासाचे वाटतात. वर सांगितलेल्या अमेरिकी अभ्यासात तसं केलं, तेव्हा घट वर्षाला सरासरी पाऊण मायक्रॉनच्या आसपास निघाली. म्हणजे दहा वर्षांत सात-आठ, आणि त्या लोकांचं प्रेशर जास्त असल्याने अनेकांना थेंबही चालू होते. थेंब नसलेल्या निरोगी माणसासाठी दहा वर्षांत शून्य ते सात हा माझा कामापुरता अंदाज.

आत काय चाललेलं असतं, ते आकड्यापेक्षा रंजक आहे. स्ट्रोमातल्या पेशी वयानुसार विरळ होतात. कोलॅजनचे धागे एकमेकांना जास्त जोडले जातात, घट्ट होतात, त्यांच्यातलं अंतर कमी होतं. एन्डोथेलियमच्या खालचा आधाराचा पापुद्रा उलट जाड होत जातो; जन्मतः सुमारे ३ मायक्रॉनचा, तो म्हातारपणी १० किंवा अधिक. एक बाजू आक्रसते, दुसरी वाढते, आणि एकूण आकडा जवळपास जागेवर राहतो.

यातून एक गोष्ट निघते, जी चिठ्ठी कधीच सांगत नाही: जाडी म्हणजे ताकद नव्हे. विशीतल्या मुलाची ५०० ची कॉर्निया आणि साठीतल्या माणसाची ५०० ची कॉर्निया, आकडा तोच, पण साठीतली कितीतरी ताठ. म्हणून केराटोकोनस, ज्यात कॉर्निया मध्ये पातळ होऊन शंकूसारखी पुढे येते, तो बहुधा वयात येताना सुरू होतो आणि तिशी-चाळिशीनंतर सहसा थंडावतो.

आणि एन्डोथेलियम? त्या पेशी गेल्या की पुन्हा होत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून मोकळी जागा भरून काढतात. प्रौढपणी त्यांची संख्या दर चौरस मिलिमीटरला वर्षाला सुमारे ०.६ टक्क्याने घटते. तिशीत २७०० असतील, तर सत्तरीत २१०० च्या आसपास. पंप चालू ठेवायला एवढ्या पुष्कळ झाल्या. पाणी तुंबायची वेळ संख्या पाचशेच्या आसपास किंवा त्याखाली गेली तर येते. म्हणजेच निव्वळ म्हातारपणाने कॉर्निया फुगत नाही.

त्यावरून दोन उलट्या खुणा लक्षात ठेवायच्या. विशीत आकडा घटतोय, एका वर्षात त्याच यंत्रावर पंधरा-वीसने खाली आला, तर ते वय नाही; टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, काढून केराटोकोनस बघायला हवा, विशेषतः डोळे चोळायची सवय असेल तर. आणि साठीत आकडा वाढतोय, तर तेही वय नाही. पंप थकतोय का, ते बघायला हवं.

पाचवी पायरी: बाई आणि पुरुष

मध्य भारतातल्या त्या पाहणीत पुरुषांची कॉर्निया स्त्रियांपेक्षा जाड निघाली; इतर काही पाहण्यांतही तसंच आहे, आणि काहींत फरक नाहीच. जिथे दिसतो तिथेही तो थोड्या मायक्रॉनचा असतो. माणसामाणसातलं विचलनच तीसहून जास्त, तिथे या फरकाने एखाद्या बाईचा आकडा 'बायकांच्या मानाने बरा' किंवा 'वाईट' ठरत नाही. "आम्हा बायकांची कमीच असते" या वाक्याचं उत्तर एवढंच, की सरासरीने कदाचित, तुमची माहीत नाही.

सरासरीपेक्षा महत्त्वाची आहे ती हालचाल. कॉर्नियाच्या पेशींना इस्ट्रोजेनची जाण असते. पाळीच्या सुरुवातीला ती सगळ्यात पातळ आणि पुढे, बीजकोष फुटण्याच्या सुमारास आणि महिन्याच्या शेवटी, जाड होते असं मोजणीत दिसलं आहे. गरोदरपणात शरीर पाणी धरून ठेवतं, त्यात कॉर्नियाही येते. ती थोडी जाड होते, तिची संवेदना मंदावते, चष्म्याचा नंबर सरकतो, आणि ज्या लेन्स पाच वर्षं सुखाने घातल्या त्या अचानक टोचायला लागतात. डोळ्याचं प्रेशर याच काळात सहसा उतरतं. बाळंतपणानंतर आणि अंगावर पाजणं थांबल्यावर हे सगळं पूर्वपदावर येतं, म्हणून लॅसिकची मोजणी तोवर करूच नये.

पाळीचा प्रश्न पुरुष सहकारी विचारायला कचरतात, आणि पेशंटही आपणहून सांगत नाहीत. मी एक सोपी वाट काढली आहे. दोन मोजण्यांची तुलना करायची असेल तर "मागच्या वेळी महिन्याच्या ज्या दिवसांत आला होतात, तेच दिवस बघून या" एवढंच सांगते. त्यांना कळतं.

रजोनिवृत्तीनंतर ही भरती-ओहोटी थांबते, पण कोरडेपणा वाढतो. आणि याच वयात फुक्स डिस्ट्रॉफी डोकं वर काढते, ज्यात एन्डोथेलियम वेळेआधी झिजतं. ती पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळते. लक्षण अगदी ओळखू येणारं: सकाळी उठल्यावर धुकं, दुपारपर्यंत स्वच्छ. रात्रभर तुंबलेलं पाणी थकलेल्या पंपाला उपसायला अर्धा दिवस लागतो, म्हणून. समजा, ६४ वर्षांच्या बाईंचा आकडा सहा वर्षांपूर्वी ५६२ होता आणि आता त्याच यंत्रावर, सकाळी अकराला, ५९८ आहे. नुसत्या सरासरीशी ताडलं तर 'छान जाड आहे' म्हणून सोडून दिलं जाईल. खरं तर स्पेक्युलर मायक्रोस्कोपने पेशी मोजायला हव्यात, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला हे आधी कळायला हवं. कारण ऑपरेशनमध्ये काही पेशी जातातच, आणि अशा डोळ्यात जाडी ६४० च्या वर असेल तर कॉर्निया नंतर कायमची फुगून बसण्याचा धोका वाढतो.

सहावी पायरी: आकडा कामाला लावा

सर्वाधिक उपयोग डोळ्याच्या प्रेशरसाठी. गोल्डमन आणि श्मिट यांनी १९५७ साली आणलेली पद्धत आजही प्रमाण मानतात: कॉर्नियाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा गोल सपाट करायला किती जोर लागला, त्यावरून प्रेशर. हिशेब मांडताना कॉर्निया अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास धरलेली होती. जाड कॉर्निया सपाट करायला जास्त जोर लागतो, म्हणून प्रेशर खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. पातळ कॉर्नियात उलटं.

मग जाडीनुसार प्रेशर दुरुस्त करून का घेऊ नये? लोक तसे तक्ते छापून भिंतीवर लावतात. गंमत बघा. एहलर्स यांच्या १९७५ सालच्या मोजणीनुसार ७० मायक्रॉनला ५ मिलिमीटर पाऱ्याचा फरक. रॉटरडॅमच्या पाहणीत १० मायक्रॉनला जेमतेम ०.२. आता कॉर्निया सरासरीपेक्षा ६० ने जाड असेल, तर एका हिशेबाने सव्वाचार वजा करायचे आणि दुसऱ्याने सव्वा. अशा तक्त्यावर मी एकाही डोळ्याचं भवितव्य सोपवणार नाही. जाडीचा उपयोग पातळ, मध्यम, जाड असे तीन कप्पे करण्यापुरता.

ते कप्पे कुठून आले, तेही बघू. प्रेशर जास्त पण काचबिंदू नाही, अशा १६३६ जणांवर झालेल्या त्या अमेरिकी अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. ५५५ किंवा त्याहून पातळ कॉर्निया असलेल्यांना काचबिंदू होण्याचा धोका ५८८ हून जाड असलेल्यांच्या तिप्पट होता. म्हणून ३१ वर्षांची बाई, प्रेशर २४, जाडी ५९५, डोळ्यामागची नस निरोगी: बहुधा लक्ष ठेवून थांबता येईल. आणि ६२ वर्षांचा पुरुष, प्रेशर १९, जाडी ४८८, वडिलांना काचबिंदू: प्रेशर 'नॉर्मल' दिसलं तरी नस आणि फील्ड (नजरेचं क्षेत्र) नीट तपासल्याशिवाय सोडायचं नाही. लॅसिक झालेल्या माणसाची कॉर्निया तर मुद्दामच पातळ केलेली असते. त्याचं प्रेशर पुढे जन्मभर कमी दिसणार, आणि हे त्याने प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगायला हवं.

दुसरा उपयोग लॅसिकचा. इथे हिशेब सरळ आहे. जाडी ५२०, नंबर उणे ५. लेझरआधी उचलायची वरची झडप ११० मायक्रॉन. एका नंबरामागे साधारण १४ मायक्रॉन ऊती जाते, म्हणजे ७०. खाली उरले ३४०. किमान २५० उरायला हवेत, अनेक सर्जन ३०० धरतात; इथे मोकळी जागा आहे. आता जाडी ४८०, नंबर उणे ८. ११० आणि ११२ गेले, उरले २५८. नियमात बसलं? कागदावर बसलं. पण एकूण जाडीपैकी ४६ टक्के हलवलं गेलं, आणि ४० टक्क्यांच्या वर गेल्यास कॉर्निया पुढे सैल पडण्याचा धोका वाढतो, असं २०१४ पासून मानलं जातं. आणि हा मुलगा एकवीस वर्षांचा असेल, कॉर्निया अजून ताठ झालेली नसेल, तर मी चष्म्याकडेच बोट दाखवीन. आकडा तोच ठेवून वय चाळीस केलं तरी टक्के बदलत नाहीत, पण नंतर केराटोकोनस निघण्याची धास्ती थोडी कमी असते.

सातवी पायरी: पुन्हा कधी मोजायचं

निरोगी प्रौढाला एकदा नीट मोजलेली पॅकीमेट्री पुष्कळ वर्षं पुरते. दर तपासणीला करायची गरज नसते. काचबिंदूचे थेंब चालू असतील तर काही वर्षांनी एकदा. केराटोकोनसचा संशय असलेल्या विशीतल्या मुलामुलींना दर सहा महिन्यांनी, पण त्यांच्या बाबतीत नुसती जाडी पुरत नाही, टोपोग्राफीही सोबत हवी. सकाळचं धुकं असणाऱ्या पन्नाशीपुढच्या बाईने एकाच दिवशी दोनदा मोजून घ्यावं, उठल्यावर लगेच आणि दुपारी. उठल्यापासून तीन-चार तासांनीही फुगवटा उतरला नसेल, तर पंपाची तपासणी तिथेच ठरते.

दर वेळी चिठ्ठीच्या मागे पाच गोष्टी लिहून ठेवा: तारीख, वेळ, यंत्र, लेन्स किती दिवस बंद होत्या, कोणते थेंब चालू होते. बायकांनी पाळीची तारीख किंवा गरोदरपण. माझ्याकडे येणाऱ्या एका आजी पर्समध्ये अशा चार चिठ्ठ्या रबराने बांधून आणतात. सगळ्यात जुनी पिवळी पडली आहे. पहिल्या चिठ्ठीवर ५३१, शेवटचीवर ५२२, मध्ये सोळा वर्षं. त्यांच्या वयाला 'नॉर्मल किती' हे मला कधी शोधावं लागलेलं नाही.